चहा सोडू नका, ताटापासून लांब ठेवा

(प्रभागसंघाच्या सभेत आरोग्याच्या विषयावर झालेलं हे भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. पुढच्या बैठकीत गटात मोठ्याने वाचावं.)



बचतीचा आणि कर्जाचा विषय आत्ताच संपला. थकीत किती, वसूल किती, व्याज किती, सगळं तुम्ही रुपयाला रुपया लावून सांगितलंत. आता मी दुसरा एक हिशोब विचारणार आहे. काल दिवसभरात तुम्ही किती कप चहा घेतला? आणि त्यातला किती चहा खाण्याबरोबर, नाहीतर जेवून उठल्या उठल्या घेतला?

मनातल्या मनात मोजा. पहाटे चूल पेटली की एक. मुलं शाळेला गेली की चपातीबरोबर एक. रानात भाकरी खाल्ली की एक. दुपारी शेजारीण आली की अर्धा अर्धा. संध्याकाळी मालक घरी आले की त्यांच्याबरोबर एक. गटाची बैठक असली तर आणखी एक. अर्धा अर्धा म्हणता म्हणता पाच कप कधी होतात ते कळतही नाही.

घाबरू नका, चहा सोडा असं सांगायला मी उभी नाही. दिवसभरात बाई दहा मिनिटं खाली टेकते, ती बहुतेक वेळा चहाच्या कपासाठीच टेकते. ती दहा मिनिटं काढून घ्यायला मी कोण? माझं सांगणं एवढंच आहे की चहा आणि जेवण यांची फारकत करा. चहा प्या, पण भाकरीबरोबर पिऊ नका आणि गोळीबरोबर तर अजिबात पिऊ नका. का, ते आता सांगते.

आपल्या गटात किती जणींना रक्त कमी आहे?

सरकार देशभर घरोघरी जाऊन राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करतं. त्याची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमध्ये ५४ जणींचं रक्त कमी निघालं. त्याच्या आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या फेरीत हाच आकडा ४८ होता. म्हणजे कमी व्हायचं सोडून वाढलाच. दहा जणींचा गट धरला तर पाच-सहा जणी त्यात आल्या. आज या सतरंजीवर बसलेल्या आपल्यातल्या निम्म्या जणी.

रक्त कमी म्हणजे काय, तर रक्तातलं हिमोग्लोबिन कमी. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली आलं किंवा गरोदर बाईचं ११ च्या खाली आलं, की त्याला रक्तक्षय म्हणतात. गरोदर बाईचं ७ च्या खाली गेलं तर ते फार धोक्याचं.

हिमोग्लोबिन अंगभर प्राणवायू पोचवतं. ते कमी झालं की हंडा उचलताना दम लागतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पायात गोळे येतात, कामात मन लागत नाही. कुणाला माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. घरचे म्हणतात, "हिला कामाचा कंटाळा आहे." आपणही म्हणतो, "वय झालं आता." वय कसलं, बाई? तुझं वय पस्तीस!

आणि बाळंतपणाचं तर विचारूच नका. बाळंतपणात रक्त जातंच. जिच्या खात्यात शिल्लक असते, ती अचानक आलेला खर्च झेलते. जिच्या खात्यात आधीच खडखडाट, तिला छोटा खर्चही बुडवतो. रक्ताचंही अगदी तसंच आहे. बाळंतपणात जास्त रक्त गेलं आणि मुळात शिल्लकच नसली, तर जिवावर बेततं.

चहा नेमकं काय करतो?

हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागतं. ते आपल्याला बाजरीतून, कडधान्यातून, पालेभाजीतून मिळतं. पण धान्यातलं आणि भाजीतलं लोह अंगी लागायला मोठं अवघड असतं. शंभर भाग खाल्ले तर जेमतेम पाच-दहा भाग रक्तात जातात, बाकीचं तसंच बाहेर पडतं. म्हणजे मुळातच उत्पन्न थोडं. त्यात चहा येऊन बसतो.

तुम्ही लोखंडी कढईत आवळा शिजवलाय ना? काळा पडतो. का पडतो? आवळ्यात तुरट द्रव्य असतं, ते कढईतल्या लोखंडाला धरतं आणि काळा रंग येतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करायचे, तीही याच गुणावर. हिराकशीत लोह असतं आणि हिरड्यात तुरटपणा. चहाच्या पत्तीतही तसाच तुरटपणा आहे. पातेल्यात चहा जास्त उकळला की जीभ ओढली जाते, तेच ते. शास्त्राच्या भाषेत त्याला टॅनिन म्हणतात.

हा तुरटपणा पोटात गेल्यावर भाकरी-भाजीतल्या लोहाला धरून बसतो. धरलेलं लोह आतड्यातून रक्तात जात नाही. आपण भाजी आणली, निवडली, शिजवली, खाल्ली, आणि वर चहा पिऊन तिच्यातलं लोह वाया घालवलं.

किती वाया जातं? अमेरिकेत झालेला एक अभ्यास १९८३ साली छापून आला. जेवणाबरोबर चहा दिला तेव्हा अंगात शोषलं जाणारं लोह ६४ टक्क्यांनी कमी झालं. कॉफी दिली तेव्हा ३९ टक्क्यांनी. आता त्यातली महत्त्वाची गोष्ट ऐका. जेवणाच्या एक तास आधी कॉफी दिली, तेव्हा काहीच नुकसान झालं नाही. पण जेवणानंतर तासाभराने दिली, तेव्हा जेवणाबरोबर घेतल्याएवढंच नुकसान झालं. जेवलेलं अन्न तासाभरात पोटातून पुढे गेलेलं नसतं ना!

म्हणून नियम सोपा आहे. चहा जेवणाच्या आधी घ्यायचा तर एक तास आधी. जेवणानंतर घ्यायचा तर दोन तास जाऊ द्या. एवढंच पाठ करा: आधी एक, नंतर दोन.

"पण ताई, आमचा चहा वेगळा आहे"

हे मला प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. म्हणून एकेक सांगते.

"आम्ही भरपूर दूध घालतो." दूध घातल्याने फारसा फरक पडत नाही. तुरटपणा तसाच राहतो.

"आम्ही कोरा चहा पितो." कोऱ्या चहातही पत्ती तीच.

"आम्ही गुळाचा चहा पितो, गुळात लोह असतं." गुळात थोडंफार लोह असेलही, पण चहाच्या पातेल्यात पडलं की पत्ती त्याला आधी धरणार. गूळ खायचा तर शेंगदाण्याबरोबर खा.

"आम्ही तो हिरवा चहा घेतो, डबीवर आरोग्याचा म्हणून लिहिलंय." लोहाच्या बाबतीत त्यालाही हाच नियम.

"चहाने माणूस काळा होतो म्हणतात." नाही हो, रंगाचा आणि चहाचा काही संबंध नाही. मुलींना चहा नको म्हणायचं तर रक्तासाठी म्हणा, रंगासाठी नको.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. रक्त कमी होण्याचं कारण एकटा चहा नाही. पोटात जंत असतात, पाळीत अंगावरून जास्त जातं, लागोपाठ बाळंतपणं होतात. आणि सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं खायची आपली सवय आहे, ती वेगळीच. पाळीत आठ-आठ दिवस जात असेल तर चहा कमी करून भागणार नाही, डॉक्टरांना दाखवावंच लागेल. पण या सगळ्या कारणांमध्ये चहाची वेळ बदलणं हे एकच काम असं आहे की ज्याला रुपया लागत नाही आणि कुणाची परवानगी लागत नाही.

लाल गोळी आणि चहा

आता सगळ्यात महत्त्वाचं. आशाताई लोहाच्या गोळ्या देतात. 'ॲनिमियामुक्त भारत' ही मोहीम २०१८ साली सुरू झाली. त्यात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, किमान १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी. बाकीच्या बायकांनाही आठवड्याला एक गोळी सांगितलेली आहे.

पण गोळी घेतो कशाबरोबर? सकाळच्या चहाबरोबर! मग तीन महिन्यांनी तपासलं तर हिमोग्लोबिन जिथल्या तिथे. आणि आपण म्हणतो, "सरकारी गोळीत काही दम नाही." गोळीत दम असतो, पण आपण तो चहात बुडवतो.

गोळी रात्री जेवणानंतर पाण्याबरोबर घ्या. त्या पाण्यात अर्धं लिंबू पिळलंत तर फारच चांगलं. आंबटातलं सी जीवनसत्त्व लोहाला रक्तात जायला मदत करतं. चहा लोहाला अडवतो आणि लिंबू त्याला वाट करून देतं. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका. एक दुपारी, एक रात्री. गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. मळमळत असेल तर गोळी बंद करण्याआधी आशाताईंशी बोला.

ज्यांना थायरॉईडची गोळी चालू आहे, त्यांनीही ऐका. ती सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा-कॉफी त्यानंतर किमान अर्ध्या-एक तासाने.

चहाने भूक मारू नका

खुरपणीला, कापूस वेचायला, ऊस तोडायला जाताना किती जणी नुसत्या चहावर निघतात? चहाने आणि साखरेने तासभर तरतरी येते, भूक मरते. पण पोटात अन्न गेलेलं नसतं. अकरा वाजता चक्कर येते, पित्त उसळतं, आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा चहा.

चहा-कॉफीत कॅफीन असतं. दिवसभर काम केलं की मेंदूत थकव्याचा निरोप देणारं एक द्रव्य साठत जातं. कॅफीन तो निरोप पोचूच देत नाही. म्हणून तरतरी वाटते. थकवा गेलेला नसतो, नुसता झाकलेला असतो. कर्ज फिटलेलं नाही, फक्त वसुलीवाला दाराबाहेर थांबलाय.

कॅफीन अंगातून लवकर जात नाही. घेतल्यापैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला चहा घेतला तर रात्री अकरालाही त्यातलं निम्मं अंगात असतं. ज्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांनी झोपेची गोळी मागण्याआधी दुपारी चारनंतरचा चहा बंद करून बघावा.

एकदम चहा तोडलात तर डोकं दुखतं. कडक उपासाला संध्याकाळी डोकं ठणकतं, त्यात भुकेबरोबर चहा चुकल्याचाही वाटा असतो. म्हणून कमी करायचा तर हळूहळू. आठवड्याला एक कप कमी.

कॉफी चांगली का वाईट?

हल्ली घरोघरी कॉफीच्या पुड्या आल्यात. परीक्षा आली की मुलं रात्री जागायला कॉफी मागतात. कुणी सांगतं कॉफीने साखर कमी होते, कुणी सांगतं काळीज धडधडतं. दोन्हीत थोडं थोडं खरं आहे.

परदेशात बरेच अभ्यास झाले. बेताची कॉफी पिणाऱ्या लोकांमध्ये मधुमेह आणि यकृताचे आजार कमी दिसले. पण म्हणून कॉफी हे औषध झालं नाही. आपण दोन-दोन चमचे साखर घालून ती पितो आणि मधुमेह जाईल म्हणतो, हे कसं जमायचं? निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, असं तज्ज्ञ सांगतात. घरच्या एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असतं, कॉफीत त्याहून जास्त. पण ज्यांना दोन कपातच धडधडतं किंवा हात थरथरतात, त्यांनी आकडा बघायचा नाही, आपल्या अंगाचं ऐकायचं.

फार कढत पिऊ नका. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेने सांगितलं की ६५ अंशांहून गरम पेय नेहमी घेतलं तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो. दोष चहा-कॉफीचा नाही, चटक्याचा. कप दोन-चार मिनिटं निवू द्या.

गरोदर बाईने जास्त जपायचं. पोटुशी असताना कॅफीन अंगातून फार सावकाश उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत जातं. जास्त कॅफीनने बाळाचं वजन कमी राहू शकतं. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आतच राहावं, असं बरेच तज्ज्ञ सांगतात. म्हणजे चहाचे दोन-तीन छोटे कप, आणि तेही जेवणापासून लांब.

आणि लहान मुलांना चहा नकोच. "चहा-चपाती दिली, पोट भरलं" असं आपण म्हणतो. पण त्याच सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी ६७ मुलांचं रक्त कमी निघालंय. बाळाच्या बशीत ओतलेला चहा त्याच्या चपातीतलं लोह पळवतो आणि भूकही मारतो. त्याला दूध द्या, पेज द्या, नाचणीचं सत्त्व द्या, वरणात कुस्करून चपाती द्या.

साखरेचा हिशोब

हिशोब म्हटलं की तुम्ही सावध होता, म्हणून हाही करू. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे साधारण दहा ग्रॅम. पाच कप म्हणजे पन्नास ग्रॅम. महिन्याला दीड किलो, फक्त एका बाईच्या चहातून. घरात चार माणसं चहा पिणारी असतील तर सहा किलो. तुमच्या दुकानातल्या भावाने गुणा. वर पत्ती आणि दूध धरा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत ठेवा, पंचवीसवर आणली तर आणखी चांगलं. आपण तर नुसत्या चहातच पन्नास गाठले.

कपामागे अर्धा चमचा कमी करा. पंधरा दिवसांत जिभेला सवय होते. वाचलेल्या पैशात काय आणायचं? लिंबं, पेरू, आवळे, मटकी, अळीव. अळिवात लोह भरपूर. बाळंतिणीलाच अळिवाचे लाडू का? तिच्या सासूलाही एक द्या. मटकीला मोड आणा, भाजीवर लिंबू पिळा, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी ताटात येऊ द्या. मांसाहार करणाऱ्यांनी कधीतरी काळीज, सुकट खावी. स्वयंपाकाला लोखंडी तवा-कढई वापरा.

गटाने काय ठरवायचं?

एकटीने ठरवलं तर आठ दिवस टिकतं. गटाने ठरवलं तर टिकतं, हे आपण बचतीत बघितलंय. म्हणून माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली, या महिन्यात गटातल्या प्रत्येकीने उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं. आकडा आपल्या वहीत लिहायचा. कुणाचा किती, हे गटाबाहेर बोलायचं नाही.

दुसरी, तीन महिने "आधी एक, नंतर दोन" हा नियम पाळायचा. पहाटे सहाला चहा घेतला तर न्याहारी सातनंतर. रानात भाकरी बाराला, चहा दोननंतर. रात्री जेवणानंतर चहा नाही, त्या वेळेला गोळी.

तिसरी, ग्रामसंघाच्या सभेत जेवण असेल तर पंगत उठल्यावर चहा फिरवायचा नाही. लिंबाचं सरबत नाहीतर कोकम सरबत द्यायचं. चहा सभा सुरू होताना द्या. पाहुणचारात काही कमी पडत नाही.

चौथी, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आणि दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. ज्यांचा आकडा वाढला नाही, त्यांना एकटं सोडायचं नाही. आशाताई आणि गटातली एकजण तिला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जाईल, जंताची गोळी, पाळीचा त्रास, सगळं दाखवेल. कर्ज थकलं तर आपण तिच्या दारात जातोच ना? मग रक्त थकलं तरी जायचं.

मैत्रिणींनो, गटाच्या पेटीत आपण दहा-दहा रुपये टाकून लाखाचं भांडवल उभं केलं. अंगातलं रक्त हेही आपलं भांडवल आहे. त्याच्या जोरावर आपण राबतो, लेकरं वाढवतो, कर्ज फेडतो. ते थेंबाथेंबाने जमतं आणि कपाकपाने वाया जातं.

आता बघा, बाहेर चहा तयार आहे. जेवणाला अजून दीड तास आहे, म्हणून आत्ता खुशाल घ्या. जेवणानंतर मात्र सरबत मिळेल.